झिरकॉनवरून जुन्या खंडीय कवचाचा जन्म कसा शोधायचा: खडक फोडण्यापासून हॅफ्निअमपर्यंत

झिरकॉन डेटिंग म्हणजे मशीनमध्ये दाणा ठेवला की वय बाहेर पडतं असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि वय पडतंही बाहेर, पण ते वय नेमकं कशाचं हे मशीन सांगत नाही. दाणा कधी गोठला ते कळतं. ज्या मॅग्मात तो गोठला तो मॅग्मा थेट प्रावरणातून, म्हणजे मॅन्टलमधून नवीन आला होता की आधीच असलेलं जुनं कवच पुन्हा वितळून बनला होता, हे त्या वयात लिहिलेलं नसतं. कवचाचा जन्म शोधायचा असेल तर खरा प्रश्न हा दुसरा आहे. म्हणून एकाच दाण्याच्या वाढीच्या एकाच पट्ट्यातून तीन गोष्टी काढाव्या लागतात: युरेनिअम-शिसं वय, ऑक्सिजन आणि हॅफ्निअम. या तिन्ही एकत्र कशा मिळवायच्या आणि कुठे फसायला होतं ते सगळं इथे क्रमाने लिहितोय, एमएस्सी प्रोजेक्ट किंवा पीएचडी सुरू करणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून.

उदाहरण म्हणून सिंहभूम क्रॅटॉन घेऊ. झारखंडचा दक्षिण भाग आणि ओडिशाचा उत्तर भाग मिळून हा जुना तुकडा आहे, आणि त्यातल्या चंपुआ गावाजवळचा (केओंझर जिल्हा, बैतरणीच्या काठचा भाग) टोनालाइट नाईस (ग्रॅनाइटच्या जातीचा, नंतर रूपांतरण होऊन पट्टेदार झालेला खडक) आपल्या कामाला एकदम योग्य आहे. खडक स्वतः साधारण ३.४ अब्ज वर्षांचा, पण २०१८ मध्ये त्यातल्याच दोन झिरकॉन दाण्यांची वयं ४.२४ आणि ४.०३ अब्ज वर्षं अशी प्रसिद्ध झाली. म्हणजे मॅग्मा वर येताना त्याने कुठल्यातरी फार जुन्या, आज कुठेच दिसत नसलेल्या कवचाचे कण उचलून आणले होते. भारतात असा पुरावा आहे हे आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना माहीत असतं कोण जाणे, सगळ्यांना ऑस्ट्रेलियातलं जॅक हिल्स तोंडपाठ असतं.

आधी घड्याळ समजून घ्या

झिरकॉन म्हणजे झिर्कोनिअम सिलिकेट. गोठताना त्याच्या जाळीत झिर्कोनिअमच्या जागी थोडं युरेनिअम सहज बसतं पण शिसं बसत नाही, त्यामुळे आज दाण्यात जे शिसं सापडतं ते जवळपास सगळं युरेनिअमच्या ऱ्हासातून तयार झालेलं असतं. वरून त्याच्यातून शिसं बाहेर झिरपायला ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, अर्थात दाण्याची जाळी धड असेल तर. आणि एका दाण्यात घड्याळं दोन असतात. युरेनिअम-२३८ पासून शिसं-२०६, अर्धायुष्य ४.४६८ अब्ज वर्षं, आणि युरेनिअम-२३५ पासून शिसं-२०७, अर्धायुष्य साधारण ७०.४ कोटी वर्षं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर त्या वयावर विश्वास ठेवता येतो.

एकदा हाताने गणित करून बघा, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी. शिसं-२०६ भागिले युरेनिअम-२३८ हे गुणोत्तर म्हणजे 'ई'चा (ऱ्हासांक, म्हणजे दर वर्षी ऱ्हास पावणारा वाटा, गुणिले वय) इतका घात, वजा १. ३.४ अब्ज वर्षं घेतली आणि ऱ्हासांक वर्षाला १.५५१२५ गुणिले १० चा उणे १० वा घात धरला तर उत्तर ०.६९५ च्या जवळ येतं. युरेनिअम-२३५ चा ऱ्हासांक ९.८४८५ गुणिले १० चा उणे १० वा घात, त्यातून शिसं-२०७ भागिले युरेनिअम-२३५ येतं साधारण २७.५. या दोघांवरून शिसं-२०७ भागिले शिसं-२०६ काढलं (आजचं युरेनिअम-२३८ ते २३५ गुणोत्तर १३७.८१८ धरून) की ०.२८७. मशीनवर ३.४ अब्ज वर्षांच्या दाण्याचे हे आकडे आले पाहिजेत, आणि डोक्यात हे तीन आकडे असले की समोरच्या स्क्रीनवर काही गडबड चालू असेल तर तिथल्या तिथे कळतं.

यातली शिसं-युरेनिअमची दोन गुणोत्तरं आलेखावर एकमेकांसमोर मांडली की सगळ्या वयांसाठी एक वक्र मिळतो, कॉन्कॉर्डिया. जॉर्ज वेदरिलने १९५६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच वापरात आहे. वक्रावर बसलेला दाणा कॉन्कॉर्डंट, वक्राच्या खाली सरकलेला डिस्कॉर्डंट, म्हणजे बहुतेक वेळा शिसं गमावलेला.

नमुना कुठला आणि किती घ्यायचा

आधी प्रश्न ठरवा, मग हातोडा उचला. इथलं कवच कधी गोठलं हे विचारायचं असेल तर ग्रॅनाइट किंवा नाईस घ्या. आज शिल्लक नसलेलं कवच शोधायचं असेल तर जुना वाळूखडक, क्वार्टझाइट किंवा नदीची वाळू घ्या, कारण खडक झिजून नाहीसे होतात पण झिरकॉन टिकतो. जॅक हिल्सचा ४.४०४ अब्ज वर्षांचा दाणा असाच मिळालाय, ज्या खडकात तो जन्मला तो कधीच संपला आणि दाणा साधारण ३ अब्ज वर्षांपूर्वी साचलेल्या गोट्यांच्या थरात बसून राहिला. बैतरणीच्या आजच्या वाळूतही ४ अब्ज वर्षांच्या आसपासचा झिरकॉन सापडलाय.

बेसॉल्टच्या नादी लागू नका, त्यात झिरकॉन जवळपास नसतोच. हे आपल्यासाठी महत्त्वाचं, कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली झाकलेला आहे. खाली जुनं कवच आहेच, कोयनेजवळ जे वैज्ञानिक बोअर घेतलं त्यात साधारण ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट-नाईस लागला. पण हातोड्याने गाठायचं असेल तर पूर्वेला गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे जा, तिथे बस्तर क्रॅटॉनची कड उघडी पडलेली आहे आणि आमगाव नाईस हे नाव तिथलंच. त्याच क्रॅटॉनमध्ये गडचिरोलीच्या पलीकडे छत्तीसगडात दल्ली राजहराजवळच्या ग्रॅनाइटचं झिरकॉन वय ३.५८ अब्ज वर्षं आलेलं आहे. दक्षिणेला गोव्याच्या सीमेवर अनमोड घाटात पश्चिम धारवाड क्रॅटॉनचा जुना नाईस रस्त्याच्या कडेलाच दिसतो. वैनगंगेची आणि इंद्रावतीची वाळू तर मला स्वतःला फार मोहाची वाटते, एवढ्या मोठ्या खोऱ्यातलं जुनं कवच एका पिशवीत येतं.

नाईस घेताना एक काळजी घ्या. पट्टे वेगळे करा. टोनालाइटचा करडा पट्टा आणि त्यात नंतर घुसलेली गुलाबी ग्रॅनाइटची शीर हे दोन वेगळ्या काळातले खडक असू शकतात, ते एकत्र कुटले तर पुढे कितीही महागडं मशीन वापरलं तरी तो घोळ सुटत नाही. ताजा, न कुजलेला खडक ३ ते ५ किलो पुरतो. बाहेरची साल छिन्नीने काढून टाका, जीपीएस आणि फोटो तिथेच घ्या, आणि एक तुकडा पातळ छेदासाठी म्हणजे थिन सेक्शनसाठी बाजूला ठेवा. झिरकॉन बायोटाइटमध्ये अडकलाय की क्वार्टझमध्ये, त्याभोवती किरणोत्सर्गाने काळं वलय पडलंय का, हे तिथेच दिसतं.

दाणे वेगळे करणं

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक घाईत उरकतात, आणि सगळ्यात मोठा धोका इथेच असतो, तो म्हणजे आधीच्या नमुन्याची भेसळ. जॉ क्रशर, डिस्क मिल, चाळण्या, ट्रे, सगळं प्रत्येक नमुन्यानंतर ब्रशने, कॉम्प्रेस्ड हवेने आणि शेवटी अल्कोहोलने साफ करायचं. चाळणीच्या जाळीत अडकलेला एक दाणा तुमच्या ३.४ अब्जच्या खडकात ५० कोटी वर्षांचा पाहुणा आणून बसवतो आणि मग त्यावर कोणीतरी रूपांतरणाची नवीन घटना शोधल्याचा दावा करतं.

कुटताना पीठ करायचं नाही. थोडं फोडा, चाळा, वर राहिलेलं परत फोडा, असं करत सगळं २५० मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल एवढंच बारीक करा, कारण झिरकॉनची लांबी साधारण ५० ते ३०० मायक्रॉन असते आणि जास्त दळलं तर तेच तुटतात. मग धुणं. झिरकॉनची घनता ४.६ ते ४.७, क्वार्टझची २.६५, त्यामुळे नुसत्या पाण्याने पण बरंच काम होतं. विल्फ्ली टेबल (हलतं, पाणी वाहणारं, जड-हलके दाणे वेगळे करणारं टेबल) असेल तर उत्तम, नसेल तर पॅन घेऊन बसायचं. सराफ बाजारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी जसं हलक्या हाताने पाणी फिरवतात तसंच हे, हाताला लय सापडली की जड खनिजांची काळसर रेघ आपोआप एका कडेला जमते.

ती रेघ वाळवा, आधी साध्या हातचुंबकाने मॅग्नेटाइट काढून टाका, नंतर फ्रांट्झ सेपरेटरवर करंट पायरीपायरीने वाढवत बाकी चुंबकीय खनिजं बाजूला करा. शेवटी जड द्रव. ब्रोमोफॉर्मची घनता २.८९, त्यात क्वार्टझ-फेल्डस्पार तरंगतात. मिथिलीन आयोडाइडची साधारण ३.३, त्यात अॅपेटाइटही वर राहतं आणि झिरकॉन तळाला जातो. दोन्ही द्रव विषारी आहेत, फ्यूम हूडशिवाय आणि योग्य हातमोज्यांशिवाय बाटली उघडायचीसुद्धा नाही. लॅबमध्ये विषारी नसलेले टंगस्टेटचे द्रव असतील तर पहिल्या टप्प्यासाठी तेच घ्या.

मग सूक्ष्मदर्शकाखाली दाणे वेचणं. नाईस असेल तर स्वच्छ, भेगा नसलेले, कमी चुंबकीय दाणे आधी घ्या, कारण जास्त युरेनिअमवाले दाणे स्वतःच्याच किरणोत्सर्गाने मोडलेले असतात, त्यांना मेटामिक्ट म्हणतात, आणि तेच शिसं गमावतात. पण नमुना वाळूचा किंवा वाळूखडकाचा असेल तर सुंदर दाणे निवडायचा मोह आवरा. तिथे जे येतील ते सगळे प्रकार घ्यायचे, गोल, तुटके, तपकिरी, सगळे, नाहीतर एखादा अख्खा उगमच निसटतो. किती दाणे? एकूण दाण्यांत ५ टक्के किंवा जास्त वाटा असलेला कुठलाही गट सुटणार नाही याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११७ दाणे, असं एक संख्याशास्त्रीय उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी पाळलं जातं. हेडिअन म्हणजे ४ अब्जच्या पलीकडचे दाणे शोधायचे असतील तर शेकड्यांनी, हजारांनी बघावे लागतात.

माउंट आणि फोटो

वेचलेले दाणे दुहेरी चिकटपट्टीवर ओळीत लावा, शेजारी वय आधीच पक्कं ठाऊक असलेले प्रमाण झिरकॉन लावा, वर इपॉक्सी ओता, घट्ट झाल्यावर दाणे अर्धे कापले जातील इतकं घासून डायमंड पेस्टने पॉलिश करा. पुढचं सगळं या पॉलिशवर अवलंबून आहे, विशेषतः ऑक्सिजन, त्याला पृष्ठभाग एकदम सपाट लागतो.

आता सीएल, म्हणजे कॅथोडोल्युमिनेसन्सचे फोटो. इलेक्ट्रॉनच्या झोताखाली झिरकॉन चमकतो आणि आतली सगळी वाढ दिसते. मला विचाराल तर पूर्ण प्रक्रियेत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला पाहिजे. बारीक, एकाआड एक फिक्या-गडद कडांचे पट्टे दिसले तर तो भाग मॅग्मात वाढलेला. मध्ये एखादा वेगळ्याच आकाराचा, कडा झिजलेला गाभा असेल आणि बाहेरचे पट्टे त्याला कापून जात असतील तर तो गाभा जुना, उचलून आणलेला, झेनोक्रिस्ट. बाहेर पट्टे नसलेली एकसारखी कड असेल तर बहुतेक रूपांतरणात वाढलेली. चंपुआचे ते जुने दाणे अशाच झेनोक्रिस्ट प्रकारातले. अशा खडकातले दाणे अख्खे विरघळवून मोजले तर गाभा आणि कड यांची सरमिसळ होऊन असं एक वय येतं ज्या वयाची कुठलीही घटना कधी घडलेलीच नाही.

प्रत्येक दाण्याचा फोटो छापून घ्या, त्यावर पेनने स्पॉटच्या, म्हणजे मशीन जिथे मोजणार त्या ठिपक्यांच्या, जागा आधीच ठरवा. सीमारेषेवर, भेगेवर, समावेशावर म्हणजे इन्क्लूजनवर स्पॉट नको.

मशीन कुठलं, आणि कुठल्या क्रमाने

तीन पर्याय आहेत. लेझरवाला एलए-आयसीपी-एमएस जलद आणि त्यामानाने स्वस्त, स्पॉट २५ ते ५० मायक्रॉन, दिवसाला शेकडो स्पॉट होतात, त्यामुळे वाळूसाठी तोच. पण तो खोल खड्डा पाडतो. आयनांच्या झोतावर चालणारा सिम्स (ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत बनलेला श्रिंप याच जातीचा, १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माउंट नॅरियर डोंगराचे ४.१ ते ४.२ अब्ज वर्षांचे पहिले दाणे त्यानेच दाखवले) साधारण २० ते ३० मायक्रॉनचा, आणि एक-दोन मायक्रॉनच खोल स्पॉट घेतो, म्हणून गाभा-कडवाल्या दाण्यांना हाच योग्य. तिसरा आयडी-टिम्स, दाणा किंवा त्याचा तुकडा आम्लात विरघळवून, अचूकता ०.१ टक्का किंवा त्याहून चांगली. त्याआधी दाणा तापवून मग हायड्रोफ्लुओरिक आम्लात मोडलेला भाग विरघळवून टाकतात, मॅटिन्सनने २००५ मध्ये मांडलेली ही केमिकल अब्रेजन पद्धत. हे आम्ल जीवघेणं आहे, प्रशिक्षणाशिवाय आणि शेजारी कॅल्शिअम ग्लुकोनेट जेल असल्याशिवाय त्याच्या जवळ जाऊ नका.

कवचाच्या जन्माच्या प्रश्नाला माझा क्रम असा: आधी सिम्सवर ऑक्सिजन, मग हलकं पॉलिश करून त्याच जागी युरेनिअम-शिसं, आणि सगळ्यात शेवटी लेझरने हॅफ्निअम. ऑक्सिजन आधी अशासाठी की शिशाच्या मोजणीत बहुधा ऑक्सिजनच्याच आयनांचा झोत मारतात आणि तो ऑक्सिजन दाण्यात रुतून बसतो. हॅफ्निअम शेवटी, कारण लेझरचा ४० ते ५० मायक्रॉनचा खड्डा पडला की त्या जागी परत काही करता येत नाही. तिन्ही स्पॉट एकाच सीएल पट्ट्यात बसले पाहिजेत, गाभ्याचं वय आणि कडेचं हॅफ्निअम अशी जोडी जमवली तर उत्तराला काहीच अर्थ नाही. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सेलरेटर सेंटरमध्ये जिओक्रोनॉलॉजीची राष्ट्रीय सुविधा आहे, तिथे सिम्ससाठी प्रस्ताव पाठवता येतो, आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेत लेझरवर झिरकॉनचं काम होतं. प्रस्ताव पाठवताना सीएल फोटो तयार असतील तर बोलणं एकदम वेगळ्या पातळीवर होतं.

दर काही स्पॉटनंतर प्रमाण झिरकॉन मोजत राहायचं. ९१५०० नावाचा (साधारण १०६ कोटी वर्षं), प्लेशोविसे (३३.७ कोटी), टेमोरा (४१.७ कोटी) हे नेहमीचे. पण आपला खडक आर्किअन (४ ते २.५ अब्ज वर्षांपूर्वीच्या काळातला) आहे, म्हणून ओजी-१ सुद्धा लावा, ३.४६५ अब्ज वर्षांचा, कारण तरुण प्रमाणांत शिसं-२०७ इतकं कमी असतं की २०७-२०६ गुणोत्तर बरोबर येतंय की नाही हे त्यांच्यावरून नीट तपासता येत नाही. एक प्रमाण कॅलिब्रेशनला, दुसरं अनोळखी समजून मोजायचं आणि त्याचं वय बरोबर आलं का ते बघायचं. लेझरवर पाऱ्याकडेही लक्ष ठेवा, वायूत पारा असतोच आणि त्याचा २०४ समस्थानिक शिसं-२०४ वर चढून बसतो, त्यामुळे बाहेरच्या, म्हणजे ऱ्हासातून न आलेल्या, शिशाची दुरुस्ती बिघडते.

वय वाचताना

आयसोप्लॉटआर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं, कॉन्कॉर्डिया त्यातच काढा. साधारण १ ते १.५ अब्ज वर्षांपेक्षा जुन्या दाण्यांसाठी २०७-२०६ वय धरायचं, तरुणांसाठी २०६-२३८. डिस्कॉर्डन्स १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेले दाणे बाजूला, कडक काम असेल तर ५.

आता खरी मेख. शिसं अलीकडे गमावलं असेल तर बिंदू सरळ आलेखाच्या शून्याकडे सरकतो आणि २०७-२०६ वय तेच राहतं, म्हणजे फारसं बिघडत नाही. पण शिसं जुन्या काळीच गमावलं असेल, समजा ३.४ अब्जचा दाणा ३.१ अब्जला परत तापला, तर तो वक्राला जवळपास चिकटूनच खाली घसरतो. कारण एवढ्या थोड्या अंतरात वक्र आणि सरळ रेघ यांत फरकच दिसत नाही. दाणा कॉन्कॉर्डंट दिसतो आणि वय चुकीचं असतं. म्हणजे डिस्कॉर्डन्सची चाळणी इथे काहीच पकडत नाही. ३.४ पासून ३.१ पर्यंत वक्रावर पसरलेली दाण्यांची माळ दिसली की लगेच ३० कोटी वर्षं चाललेला मॅग्मा असं लिहायचं नाही. सीएलमध्ये पट्टे तेच आहेत का, थोरिअम-युरेनिअम गुणोत्तर काय (०.१ च्या खाली असेल तर रूपांतरणाचा संशय), तरुण दाण्यांत युरेनिअम जास्त आहे का, हे बघा. पट्टे तेच आणि युरेनिअम वाढेल तसं वय कमी होत असेल तर ती शिसं गळतीची माळ, आणि खडकाचं वय तिच्या जुन्या टोकाच्या एकजिनसी गटातून काढायचं.

हॅफ्निअम, म्हणजे मूळ प्रश्न

ल्युटेशिअम-१७६ पासून हॅफ्निअम-१७६ बनतं, अर्धायुष्य साधारण ३७ अब्ज वर्षं. प्रावरण वितळून कवच बनताना हॅफ्निअम मॅग्मात जास्त जातं आणि ल्युटेशिअम मागे जास्त राहतं, त्यामुळे कवचात हॅफ्निअम-१७६ हळू वाढतं आणि उरलेल्या प्रावरणात भरभर. झिरकॉनमध्ये हॅफ्निअम भरपूर, वजनाच्या साधारण १ टक्का, आणि ल्युटेशिअम नगण्य, म्हणून दाणा गोठला त्या क्षणीचं गुणोत्तर त्यात जसंच्या तसं राहतं. ते उल्कापाषाणांवरून काढलेल्या पृथ्वीच्या त्या वेळच्या सरासरीशी ताडून दहा हजारांत किती फरक आहे ते सांगतात, त्याला एप्सिलॉन हॅफ्निअम म्हणतात. धन आला तर नवीन, प्रावरणातून ताजं आलेलं कवच. ऋण आला तर जुनं कवच पुन्हा वितळलेलं.

समजा ३.४ अब्जच्या दाण्यात उणे ५ आलं. मूळ कवच कधी बनलं? इथे एक गृहीतक लागतं, ते कवच कसलं होतं. ल्युटेशिअम-१७६ भागिले हॅफ्निअम-१७७ हे गुणोत्तर ०.०१५ धरलं, म्हणजे ग्रॅनाइटसारखं कवच, तर दर अब्ज वर्षांत एप्सिलॉन साधारण १२.४ ने खाली जातो आणि सरासरी प्रावरणातून निघाल्याचं वय ३.८ अब्ज येतं. ०.०२२ म्हणजे बेसॉल्टी कवच धरलं तर उतार ७.७ चा, आणि वय ४.०५ अब्ज. दाणा तोच, मोजणी तीच, आणि उत्तरात २५ कोटी वर्षांचा फरक, शिवाय एक उत्तर हेडिअनमध्ये आणि एक बाहेर! सुरुवात झिजलेल्या म्हणजे डिप्लीटेड प्रावरणापासून धरली तर दोन्ही अजून मागे जातात. म्हणून मॉडेल वय, म्हणजे असं गृहीतकावरून काढलेलं कवचाचं वय, लिहिताना कुठलं गुणोत्तर धरलं ते लिहिलंच पाहिजे आणि शक्यतो दोन्ही टोकं द्यायची.

आणि शिशाची गळती इथे परत येऊन चावते. समजा दाणा खरा ३.४ अब्जचा आणि एप्सिलॉन शून्य, म्हणजे मूळ जुनं कवच वगैरे काही नाही. पण गळतीमुळे तुम्ही त्याला ३.२ समजलात. दाण्यातलं हॅफ्निअम बदललेलं नाही, पण तुलनेची सरासरी २० कोटी वर्षांत पुढे सरकली, दर १० कोटीला साधारण २.२ एप्सिलॉन, त्यामुळे तुम्हाला दिसतं उणे ४.५. त्यावरून मॉडेल वय येतं ३.५६ ते ३.७८ अब्ज. कधी अस्तित्वातच नसलेलं कवच कागदावर तयार झालं. यावर तपासणी सोपी आहे: एप्सिलॉनऐवजी सुरुवातीचं कच्चं हॅफ्निअम गुणोत्तर वयासमोर मांडा. वय घसरतंय आणि गुणोत्तर आडव्या रेघेत तेच राहतंय असं दिसलं तर ती एकाच मॅग्मातल्या दाण्यांची गळती. मोजताना मात्र यटर्बिअम-१७६ आणि ल्युटेशिअम-१७६ दोन्ही हॅफ्निअम-१७६ वर चढतात, त्यांची दुरुस्ती नीट झाली का हे प्रमाण झिरकॉनवर बघितल्याशिवाय या आकड्यांना हात लावू नका.

आता ऑक्सिजन कशाला? प्रावरणातून आलेल्या मॅग्माच्या झिरकॉनमध्ये डेल्टा-ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजन-१८ आणि १६ च्या गुणोत्तराचा प्रमाण पाण्याशी फरक) साधारण ५.३ असतं, दर हजारी. ६.५ च्या वर गेलं तर त्या मॅग्मात असं काहीतरी मिसळलंय जे आधी पृष्ठभागावर थंड पाण्याच्या संपर्कात बदललं होतं, गाळ किंवा कुजलेला खडक. जॅक हिल्सच्या ४.३ अब्जच्या आसपासच्या दाण्यांत असे वाढलेले आकडे आले म्हणून तेव्हा पृथ्वीवर द्रवरूप पाणी होतं असं म्हणता येतं. आपल्या कामासाठी उपयोग असा की ऑक्सिजन वाढलेल्या दाण्याचा मॅग्मा मिश्र असतो, त्याचं हॅफ्निअम मॉडेल वय म्हणजे दोन-तीन स्रोतांची सरासरी, ते कुठल्याच कवचाचं जन्मवय नाही. ऑक्सिजन ५.३ च्या जवळ असलेल्या दाण्यांचीच मॉडेल वयं गांभीर्याने घ्या.

सगळं जुळवताना

एप्सिलॉन वयासमोर मांडा. दाणे एका उताराच्या रेघेत खाली जात असतील तर एकच जुनं कवच पुन्हा पुन्हा वितळतंय. मध्येच एखाद्या वयाला दाणे एकदम शून्याच्या वर उडी मारत असतील तर तिथे नवीन कवच आलं. चंपुआच्या हेडिअन दाण्यांचं हॅफ्निअम वेगळ्या, समृद्ध (एन्रिच्ड, म्हणजे हॅफ्निअमच्या मानाने ल्युटेशिअम कमी असलेल्या) स्रोताकडे बोट दाखवतं. सिंहभूममध्ये पुढची गोष्ट ग्रॅनाइटांच्या रसायनातून जोडली गेली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार मॅग्मा साठून साठून कवच जाड होत गेलं आणि ३.३ ते ३.२ अब्ज वर्षांपूर्वी हा तुकडा समुद्राच्या वर आला. यातली प्रत्येक पायरी कोणीतरी खडक फोडून, दाणे वेचून काढलेली आहे.

वाळूच्या दाण्यांचा वय-आलेख काढला की त्यात उंचवटे दिसतात. जगभरच्या आकडेवारीत २.७, १.९, १.१ अब्जच्या आसपास असे उंचवटे आहेत. तेव्हा कवच जास्त बनलं असं लगेच म्हणू नका, खंड एकमेकांवर आदळून आत अडकलेलं कवच जास्त टिकलं असंही असू शकतं, आणि यावर अजून वाद चालू आहे.

निकाल छापताना प्रत्येक स्पॉटचे कच्चे आकडे द्या, टाकून दिलेले डिस्कॉर्डंट दाणेसुद्धा, प्रमाण झिरकॉनचे निकाल, वापरलेले ऱ्हासांक आणि स्पॉट दाखवणारे सीएल फोटो. माउंटवर नमुन्याचा नंबर कोरून ठेवा आणि डबीत जपून ठेवा, फेकू नका, कारण जॅक हिल्सच्याच दुसऱ्या एका जुन्या दाण्यावर २०१४ मध्ये अणूअणू मोजणारी अॅटम प्रोब पद्धत वापरली गेली, शिसं सूक्ष्म पुंजक्यांत हललंय पण स्पॉटच्या आकाराच्या बाहेर गेलेलं नाही हे त्यातून दिसलं आणि ४.३७४ अब्ज हे वय पक्कं झालं. जुन्या माउंटवर नवीन यंत्र असं परत परत लावता येतं.